आस्मानी कोठे संपते?

आपल्या पूर्वजांनी संकटांची विभागणी दोनच शब्दांत करून ठेवली होती. आभाळातून कोसळते ते आस्मानी आणि राज्यकर्त्यांच्या हातून ओढवते ते सुलतानी. अवर्षण, अतिवृष्टी, टोळधाड ही पहिल्या वर्गातील. जुलमी सारा, लूटमार, वेठबिगार ही दुसऱ्या वर्गातील. या विभागणीत शब्दांच्या सोयीपलीकडची एक नैतिक सोयही होती. आस्मानीपुढे माणसाने मान तुकवायची, देवाचा धावा करायचा आणि पुन्हा नांगर धरायचा; सुलतानीविरुद्ध मात्र दाद मागायची, प्रसंगी गाव सोडून निघून जायचे. कोणत्या दुःखाचा जाब विचारता येतो आणि कोणत्या दुःखाचा येत नाही, हे त्या दोन शब्दांनी निश्चित होत असे. इंग्रजी कायद्यानेही असाच एक शब्दप्रयोग रूढ केला. कोणाही मनुष्याच्या आवाक्याबाहेरील उत्पाताला तो ‘ईश्वरी कृत्य’ म्हणतो. विम्याच्या आणि कंत्राटांच्या कागदांत हा शब्द आजही भेटतो. परमेश्वराचे नाव व्यवहाराच्या कागदांत सहसा तेव्हाच घेतले जाते, जेव्हा कोणाला तरी भरपाई देण्याचे टाळायचे असते, असे आम्हांला कित्येकदा वाटून गेले आहे.

ही आस्मानी-सुलतानीची सीमारेषा आज नेमकी कोठे आहे, असा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत आहोत. येणाऱ्या संकटाचे ज्ञान जर आधीच हाती असेल, तर त्या संकटाला आस्मानी म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय? आणि उरत नसेल, तर दोष कोणाच्या पदरी घालावयाचा?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून आपण कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर जाऊ. वाडी रत्नागिरी हे या गावाचे कागदोपत्री नाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंचीवर, कोल्हापूरच्या वायव्येस १७-१८ किलोमीटरांवर वसलेले हे देवस्थान चैत्र पौर्णिमेच्या यात्रेमुळे महाराष्ट्रभर आणि कर्नाटकातही ठाऊक आहे. गुलालाने माखलेला डोंगर, उंचच उंच सासनकाठ्या आणि ‘चांगभलं’चा गजर यांची वर्णने वाचकांनी वाचली असतीलच. परंतु जोतिबाची आणखी एक यात्रा आहे, ती श्रावण शुद्ध षष्ठीची, चोपडाई देवीची. २०१९ साली ही तिथी ६ ऑगस्ट रोजी आली. त्याच आठवड्यात डोंगराच्या पायथ्याशी पंचगंगेने आपली मर्यादा सोडली होती. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात. तेथे ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका असा संकेत आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांवर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक माणसे घराबाहेर काढावी लागली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि सतरा जीव गेले. ज्या नावेने वाचावयाचे तीच नाव बुडावी, यापरते दारुण ते काय? पुढे दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, नदी पुन्हा ५५ फुटांपलीकडे गेली. २०२४ च्या जुलैतही तिने धोक्याची पातळी ओलांडलीच.

डोंगरावरून आग्नेयेकडे पाहिले असता दृष्टीस पडतो तो सारा सखल प्रदेश म्हणजे प्रयाग चिखलीचा परिसर. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या संगमातून येथे पंचगंगा जन्म घेते. नद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आणून टाकलेल्या गाळावर येथील ऊस उभा आहे. म्हणजे ज्या पुराला आज आपण शत्रू म्हणतो, त्यानेच ही जमीन घडविली. नदीला पूर यावा हा तिचा स्वभाव. त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. पुराच्या पाण्यात घर, गोठा, दवाखाना आणि विजेचा खांब यांनी उभे असावे, ही मात्र नदीची करणी नव्हे. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलशास्त्रज्ञाने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात हाच भेद मांडला. पूर हा निसर्गाचा, परंतु पुरातील हानी बव्हंशी माणसाची, असा त्याच्या प्रतिपादनाचा सारांश सांगता येईल. बांध आणि भिंती घालून पूर अडविण्यावर भिस्त ठेवली की लोक निर्धास्त होऊन नदीच्या अधिक जवळ जातात आणि पुढचा मोठा पूर अधिक नुकसान करतो, हेही त्याच्या परंपरेतील अभ्यासकांनी दाखवून दिले. व्हाइट धर्माने क्वेकर होता. युद्धात शस्त्र हाती घ्यावयाचे नाही हा त्याचा व्रतनियम. अशा मनुष्याने आपले आयुष्य पूर या विषयाला वाहावे, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. पूर नदीचा स्वभाव असला, तरी नदीचा स्वभावच बदलू लागला असेल तर? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात, विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. विशेष असे की याच काळात पावसाळ्यातील एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. उलट तो उणावतो आहे. म्हणजे आभाळ देते ते थोडे कमीच, पण देते ते एकाच हाताने, एकाच वेळी. याचे कारणही त्यांनी शोधले. उत्तर अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांची चंचलता वाढली आहे, समुद्र तापला आहे, आणि त्यामुळे बाष्पाचे लोंढेच्या लोंढे अधूनमधून भूमीकडे लोटले जातात. त्याच निबंधात एक हिशेब दिला आहे. १९५० ते २०१५ या काळात भारतात नोंदल्या गेलेल्या २६८ पुरांनी सुमारे ६९,००० माणसे मारली आणि एक कोटी सत्तर लाखांना बेघर केले. त्याही आधी, २००६ साली, याच संस्थेच्या बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवृष्टी वाढत असल्याचा इशारा दिलेला होता. तेव्हा आम्हांला कोणी सांगितलेच नाही, अशी तक्रार आपल्या पिढीला करता येणार नाही.

पूर खाली आहे म्हणून डोंगर निर्भय, असेही कोणी समजू नये. पन्हाळा-जोतिबाच्या माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, खालच्या मातकट थरात मुरते आणि तो थर निसरडा होतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पन्हाळगडावर जाणारा रस्ता खचला. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव दरडीखाली गेले आणि दीडशेवर माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. पश्चिम घाटाच्या संवेदनशील भागांविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने आपला अहवाल २०११ सालीच दिला होता, हे या तारखांच्या शेजारी ठेवून पाहावे.

येथे धर्माच्या प्रांतात शिरणे आम्हांला भाग आहे, कारण संकटाचा अर्थ लावण्याचे काम शतकानुशतके आमच्याच व्यवसायाकडे होते आणि ते आम्ही नेहमीच चांगले केले असे म्हणवत नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ. लिस्बन शहरातील चर्चेस भाविकांनी भरलेली असताना प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्र चढून आला आणि आग लागली. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूने दुसऱ्या वर्षी एक पुस्तिका काढून हा भूकंप म्हणजे लिस्बनच्या पापांची शिक्षा असल्याचे ठासून सांगितले. नैसर्गिक कारणे शोधणाऱ्यांवर त्याचा रोष होता. लोकांनी पश्चात्तापाकडे वळावे असा त्याचा आग्रह होता. नगराची पुनर्रचना करू पाहणाऱ्या पोम्बाल या मंत्र्याला हा उपदेश अर्थातच अडचणीचा झाला. मालाग्रिदाचा शेवट १७६१ साली फार क्रूरपणे करण्यात आला. त्याचे समर्थन कोणीही करणार नाही. पण त्याचे तर्कशास्त्र मात्र आजही जिवंत आहे. इकडे रूसोने व्होल्तेअरला लिहिलेल्या १७५६ च्या पत्रात वेगळेच बोट ठेवले. एवढी उंच घरे एवढ्या दाटीने तेथे निसर्गाने बांधलेली नव्हती, असा त्याचा मुद्दा होता.

आपल्याकडेही असा वाद घडला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा हे अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त आहे असे महात्मा गांधींनी म्हटले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना जाहीरपणे विरोध केला. गांधीजींचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु भूकंपात गाडले गेले त्यांत अस्पृश्यही होतेच. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच त्या अन्यायाची शिक्षा देणारा देव हा कसला न्यायी देव? या बाबतीत आमचे मत रवींद्रनाथांच्या बाजूने पडते, आणि ते शुभवर्तमानाला धरून आहे अशी आमची धारणा आहे. सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा प्रभू येशूने ती इतरांहून अधिक पापी होती ही कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारली. संत लूकने ही हकिकत तेराव्या अध्यायात नोंदविली आहे. त्या बुरुजाचे बांधकाम कोणी केले होते हे मात्र शुभवर्तमान सांगत नाही. आज तसा बुरूज कोसळला तर पहिली चौकशी त्याचीच होईल, आणि ती व्हावयास हवी.

मग पाप या शब्दाला येथे काहीच स्थान नाही काय? आहे, पण ते दुसऱ्या ठिकाणी आहे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला अज्ञानाचे दोन प्रकार शिकविले गेले. संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार सविस्तर मांडला आहे. जे अज्ञान कितीही प्रयत्न केला तरी दूर करता आले नसते ते मनुष्याला दोषमुक्त करते. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते आणि जाणून घेणे शक्यही होते, ते निष्काळजीपणाने न जाणणे हा मात्र स्वतःच एक दोष आहे. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे संशोधकाच्या कामाचे नैतिक स्वरूप उलगडते. पर्जन्यमापकावरची नोंद घेणारा, उपग्रहाची छायाचित्रे चाळणारा, शंभर वर्षांच्या पुरांची कोष्टके मांडणारा मनुष्य काय करतो? तो आपले निर्दोष अज्ञान एक एक हात मागे हटवीत जातो. कालपर्यंत जे अपरिहार्य अज्ञान होते, ते त्याचा निबंध प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून निष्काळजीपणा ठरू लागते. आस्मानीची हद्द अशी आकुंचन पावते. मिस्साच्या आरंभी आपण जी पापकबुली म्हणतो तीत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला केलेल्या दिरंगाईचा, न केलेल्या कर्तव्याचाही उल्लेख आहे. आपले बहुतेक लोक, आमच्यासकट, हे शेवटचे कलम घाईघाईने म्हणून मोकळे होतात.

आता कठीण भाग येतो. ज्ञान झाले की कर्तव्य आले हे मान्य केले, तर ते कर्तव्य नेमके कोणाचे? चिखली आणि शेजारचे आंबेवाडी या गावांचे उदाहरण घ्या. १९८९ च्या पुरानंतर या गावांतील लोकांना उंचावरील सोनतळी येथे भूखंड देण्यात आले. तरीही पुढच्या तीस वर्षांत बहुतेकांची घरे, गोठे आणि चुली खालीच राहिल्या. २०१९ आणि २०२१ साली बोटी घेऊन जवानांना तेथे जावे लागले. शहरातील सुखवस्तू मनुष्य हे ऐकून चटकन निकाल देतो. जागा दिली होती, गेले नाहीत, मग आता रडता कशाला? इशारा मिळूनही जो थांबला, त्याच्या नुकसानीला तोच जबाबदार, असे हे तर्कशास्त्र. मालाग्रिदाच्या जागी आता आकडेमोड आली आहे एवढाच फरक. बळी गेलेल्यालाच अपराधी ठरविण्याची घाई तीच.

त्या बाजूच्या एका वृद्ध शेतकऱ्याशी आमचे एकदा या विषयावर बोलणे झाले. वरची जागा असताना खाली का राहता, असे आम्ही विचारले. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, “फादर, वर प्लॉट हाय, घराएवढा. म्हशी कुठं बांधू? वैरण खाली, पाणी खाली, शेणकूर खाली. नदी वर्साला चार दिस येती. पोट बारा म्हैनं हाय.” पुढे त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पूर येतो तेव्हा माणसे घर सोडत नाहीत ती घरासाठी नव्हे. दावणीला बांधलेले जनावर बोटीत घेत नाहीत, म्हणून सोडत नाहीत. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याच्या संसारात दुधाचा पैसा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या उत्तरातील शहाणपण कळेल. तो मनुष्य अडाणी नव्हता. त्याच्यापुढे दोन धोके होते. एक चार दिवसांचा आणि एक बारा महिन्यांचा. त्याने दोन्ही तोलले होते. आपण त्याला एकाच धोक्याचे ज्ञान दिले आणि दुसऱ्याची सोय केली नाही. अशा स्थितीत त्याने घेतलेला निर्णय स्वतंत्र इच्छेने घेतलेला होता असे कोणत्या नीतिशास्त्राच्या आधारे म्हणावे?

याच संदर्भात एका शब्दाचा विचार केला पाहिजे. हवामानबदल आणि आपत्ती यांवरील लिखाणात अलीकडे एक कल्पना फार बोलबाल्याची झाली आहे. संकटाचा धक्का सोसून पुन्हा उभे राहण्याची समाजाची क्षमता, असा तिचा अर्थ. मराठीत कोणी तिला लवचीकता म्हणते, कोणी तगून राहण्याची ताकद. कल्पना चांगली आहे. परंतु तिच्यात एक चकवा आहे. वारंवार सोसणाऱ्याचे कौतुक करता करता त्याला सोसावयास लावणाऱ्यांचा विसर पडतो. पूर ओसरला की वर्तमानपत्रांतून कोल्हापूरकरांच्या जिद्दीची स्तुती होते. ती खरीच आहे. पण जिद्द म्हणजे धरणाचे नियोजन नव्हे, आणि सोशिकता म्हणजे सिद्धता नव्हे. सोशिकतेचा सद्गुण आम्ही धर्मगुरूंनी व्यासपीठावरून गरिबांना पुष्कळ शिकविला आहे. सिद्धतेचा सद्गुण श्रीमंतांना आणि सत्ताधाऱ्यांना तितक्याच वेळा शिकविला काय?

जोतिबाच्या सासनकाठीकडे पाहावे. तीस-तीस फूट उंचीचा तो कळक एकट्याच्या बळावर उभा राहत नाही. एक जण काठी पेलतो आणि चहूबाजूंनी माणसे दोर ताणून धरतात. कळक वाकतो, झुलतो, पण पडत नाही. त्यातले दोन दोर सोडून द्या आणि मग काठी का पडली म्हणून पेलणाऱ्याला दोष द्या, असा काहीसा आपला न्याय आहे. त्याच डोंगरावरची आणखी एक गोष्ट. चैत्र यात्रेला लाखो लोक येतात. त्यासाठी कितीतरी आठवडे आधी बैठका होतात. वाहने कोठे थांबवावयाची, कोणता रस्ता एकेरी करावयाचा, पाणी, दवाखाना, अग्निशामक दल, सारे ठरते. काठ्यांचा क्रमसुद्धा परंपरेने निश्चित असतो. म्हणजे प्रचंड लोंढ्याचे आगाऊ नियोजन करणे आपल्याला येत नाही असे नाही. यात्रेला तिथी आहे आणि पुराला नाही, एवढाच काय तो फरक. संशोधकाचे काम पुराला जमेल तेवढी तिथी देण्याचे आहे.

ती तिथी कशी वाचावयाची हेही शिकावे लागते. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटते, २०१९ ला मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे निवांत. प्रत्यक्षात लाल रेषेचा अर्थ असा की दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता असतेच, मग मागल्या वर्षी काहीही होवो. तीस वर्षांचे कर्ज काढून त्या रेषेवर घर बांधले तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात येण्याचा संभव चारांत एकाहून अधिक आहे. निळ्या रेषेवर बांधले तर तो दहांत सात होतो. आणि हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेले! पाऊसच बदलला असेल, तर संभव याहून मोठाच धरला पाहिजे. घर घेणाऱ्या तरुण जोडप्याला हे कोणी समजावून सांगत नाही. विकणारा तर नाहीच नाही.

जबाबदारीची वाटणी म्हणूनच ज्ञान आणि सामर्थ्य या दोहोंच्या प्रमाणात झाली पाहिजे असे आमचे मत आहे. ज्याला ठाऊक आहे पण हात बांधलेले आहेत, त्याचा दोष थोडा. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याच्या सहीने बांधकामाला परवानगी मिळते, भराव पडतो, धरणात जुलै महिन्यात किती जागा मोकळी ठेवावयाची हे ठरते, त्याचा दोष मोठा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक उंचीला पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरते. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या या धरणाविषयी आम्हांला नितांत आदर आहे. दुष्काळ ही त्या काळची खरी आस्मानी होती आणि तिला त्यांनी उत्तर दिले. पण दरवाजा आपोआप उघडतो म्हणून जबाबदारीही आपोआप नाहीशी होते असे थोडेच आहे? दरवाजा उघडण्याच्या क्षणी कोणी निर्णय घेत नाही हे खरे. निर्णय त्यापूर्वीच घेतलेला असतो, किंवा घ्यावयाचा राहून गेलेला असतो. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० साली आलेल्या तिच्या अहवालाने अलमट्टी धरणाकडे बोट दाखविण्याऐवजी असाधारण पाऊस आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणे यांवर भर दिला. यावर सांगली-कोल्हापुरात वाद अद्याप शमलेला नाही. त्यात न्यायाधीश होण्याचा आमचा अधिकार नाही. एवढे मात्र दिसते की दोष राज्याच्या सीमेपलीकडे ढकलता आला तर प्रत्येकाला हवा असतो, आणि आपल्याच गल्लीतल्या अतिक्रमणाचे नाव कोणी सहसा घेत नाही.

हे सारे निराशेने लिहीत नाही. ज्ञानाला सामर्थ्याची जोड मिळाली की काय होते याचे दाखले आपल्याच देशात आहेत. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाला चक्रीवादळाने झोडपले तेव्हा सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन हे वादळ त्याच किनाऱ्यावर आले; त्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले होते आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. वारा आस्मानीच होता. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, आमच्या पिढीला विसरता येत नाही. गणेश विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद यांनी जवळजवळ दहा हजार माणसे गाडली. नंतर त्या भागात भूकंपाला तोंड देऊ शकणारी घरे बांधली गेली. पण ते शहाणपण किती मोठी किंमत मोजून आले!

लिस्बनच्या हकिकतीतला एक भाग सांगावयाचा राहिला. १७५६ साली पोम्बालच्या शासनाने पोर्तुगालमधील सर्व धर्मग्रामांना प्रश्नांची एक यादी पाठविली. हादरे किती वाजता बसले, किती वेळ टिकले, कोणत्या दिशेने जाणवले, समुद्र आधी चढला की ओसरला, किती घरे पडली, किती माणसे मेली. उत्तरे देण्याचे काम गावोगावच्या धर्मगुरूंवर होते. त्या साध्यासुध्या प्रमुखस्वामींनी आपापल्या गावची माहिती लिहून धाडली, आणि आजचे भूकंपशास्त्रज्ञ त्या भूकंपाचा अभ्यास करताना त्या कागदांचा आधार घेतात. ज्या वर्षी मालाग्रिदाने आपली पुस्तिका काढली, त्याच वर्षी त्याचे हे अज्ञात व्यवसायबंधू पडलेली घरे मोजीत होते. दोघेही देवाची सेवा करीत आहोत असेच समजत असणार. आमचा ओढा कोणाकडे आहे हे वाचकांनी ओळखले असेलच.

असे काम चिखलीतही करता येण्यासारखे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट झाले, हे आकाशवाणी सांगते, भ्रमणध्वनीवर येते. पण अमुक घरातल्या बाईला त्यातून काय कळते? तिला हवे असते ते वेगळे. बंधाऱ्यावर किती फूट झाले की माझ्या गोठ्यात पाणी येईल, त्यानंतर किती तासांनी रस्ता बंद होईल, आणि म्हशी सोडून वर नेण्यास मला किती वेळ मिळेल? जुन्या कोल्हापूरकरांपाशी यासाठी एक शब्द होता. शिवाजी पुलाशी पाणी ठराविक उंचीला भिडले की ‘मच्छिंद्री झाली’ असे म्हणत आणि काय समजावयाचे ते प्रत्येक जण समजत असे. आता नदीकाठी वस्ती वाढली, भराव वाढले, पाऊस बदलला. तो एक शब्द पुरेनासा झाला. बंधाऱ्यावरचे फूट आणि आपल्या उंबऱ्यावरची वीत यांचा मेळ घालणारे कोष्टक घराघराचे निराळे होईल. सोनतळीला म्हशींसाठी सामाईक गोठा आणि वैरणीची कोठी उभारावयाची तर पैसा आणि सरकारी मान्यता लागेल. कोष्टकाला त्यातले काही लागत नाही. २०१९ आणि २०२१ चे पाणी कोणत्या भिंतीवर कोठवर चढले होते हे घरोघरची माणसे अजून बोट ठेवून दाखवू शकतात. एक वही, मोजपट्टी आणि पावसाळ्यापूर्वीचे दोन महिने मिळाले तर गावच्या शाळेतील सातवी-आठवीची मुले ते काम करू शकतील.